दुनळीची नवमी

मला जुन्या बंदुकांचा नाद लागला, हे आमच्या घरात कुणाला पटकन पटलं नाही, आणि त्यात मीही आले. मी पेशाने भूलतज्ज्ञ. साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात दिवसभर माणसांना झोपवायचं आणि पुन्हा नीट उठवायचं, हे माझं काम. स्वभाव तापट आहे, हे नवऱ्याला विचारावं लागत नाही, तो न विचारताच सांगतो. अशा बाईच्या हाती बंदूक येणार या कल्पनेनं तो सुरुवातीला खूप हसला. घरात लोखंडी कपाट आलं तेव्हा हसायचा थांबला.

सुरुवात झाली ती आमच्या डिपार्टमेंटच्या सहलीपासून. शहराबाहेर एका शेतात क्लब होता. तिथे यंत्रातून मातीच्या बशा हवेत उडवतात आणि त्या उडत्या बशा छर्‍याच्या बंदुकीनं फोडायच्या असतात. कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पला मी पालथं पडून रायफल चालवली होती, तेवढ्या भांडवलावर मी पुढे झाले. एकामागून एक बशा माझ्याकडे न बघता निघून गेल्या. मग एक फुटली. हवेत काळा भुगा उडाला आणि माझ्या अंगातून असं काही गेलं की मी दुपारचं जेवण विसरले. पुढच्या रविवारी मी एकटीच तिथे हजर.

क्लबातल्या बहुतेकांकडे नव्या, चकचकीत बंदुका होत्या, एक नळी खाली आणि दुसरी तिच्यावर. मला त्या आवडल्या नाहीत. माझी नजर गेली ती एका म्हातार्‍या गृहस्थांच्या दुनळीवर. दोन नळ्या शेजारी शेजारी, बाहेरच्या बाजूला मागे वळलेले दोन घोडे, सशाच्या कानांसारखे. नळ्या काळ्या नव्हत्या, तपकिरी होत्या, आणि त्यांच्यावर बारीक लाटांची नक्षी होती. ती वरून कोरलेली नसते. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, ठोकून नळी बनवायची जुनी रीत होती, त्या पिळाची ती नक्षी. मी इतका वेळ टक लावून बघत राहिले की त्यांनी शेवटी ती माझ्या हातात दिली. "चावत नाही," म्हणाले.

ते रिटायर्ड केमिस्ट होते. जवळच्या गावात त्यांचं औषधांचं दुकान होतं. बोलणं मोजकं, पुडी बांधून दिल्यासारखं. आमच्या घरात त्यांचं नाव पडलं केमिस्टआजोबा, आणि ते मला कायम डॉक्टर म्हणत.

बंदूक घ्यायची तर आधी पोलिसांचं सर्टिफिकेट लागतं. एक पोलीस अधिकारी घरी आला. कपाट भिंतीत पक्कं बसवलंय का ते हलवून पाहिलं, चहा घेतला, नवर्‍याला वेगळं बसवून बायकोशी कसं जमतं ते विचारलं. मग मला म्हणाला, किल्ली कुठे असते ते तुमच्याशिवाय कुणालाही माहीत असता कामा नये. कुणालाही म्हणजे नवर्‍यालाही.

"त्याची काळजी करू नका," नवरा म्हणाला, "या घरात मीठ कुठे असतं ते मला माहीत नाही."

अधिकारी हसला नाही. त्याने ते लिहून घेतलं असावं असा मला अजून संशय आहे. पण नवर्‍याला मात्र पुढची कित्येक वर्षं एक वाक्य मिळालं. पासपोर्ट सापडत नाही, छत्री सापडत नाही, काहीही हरवलं की तो म्हणायचा, "पोलिसांनी मला ऑफिशियली सांगितलंय, शोधायचं नाही."

माझी पहिली खरेदी म्हणजे नुसती शोभा. एका आडगावच्या लिलावात मी एका दुनळीच्या प्रेमात पडले. तिच्या दोन्ही अंगांना कोरलेली बदकं होती, गवतात दबा धरलेला कुत्रा होता, खांद्याला टेकवायच्या अक्रोडी दस्त्यावर मधाच्या रंगाच्या रेषा होत्या. माझ्याविरुद्ध बोली लावणारे दोघे लवकर गप्प बसले, तेव्हाच मला शहाणपण यायला हवं होतं. मला वाटलं, मी त्यांना नमवलं.

रविवारी मी ती क्लबात नेली, नव्या सुनेला देवळात नेतात तशी. केमिस्टआजोबांनी ती उघडली, मिटली, उजेडासमोर धरली. नळ्या जिथे मागच्या भागाला चिकटून बसायला हव्यात तिथून उजेड आरपार दिसत होता. मग त्यांनी ती कानाशी नेऊन हलवली. आतून बारीक खुळखुळ आली. मग नळ्या वेगळ्या केल्या, एका बोटावर लटकवल्या आणि नखाने टिचकी मारली. थप्प असा आवाज आला. दोन नळ्यांना जोडणारी पट्टी सुटत आली की असा आवाज येतो. शेवटी त्यांनी ती खांद्याला लावून पाहिली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "डॉक्टर, तुम्ही डावर्‍या आहात का?"

मी डावरी नाही. दस्ता कुणा डावर्‍या माणसासाठी वाकवलेला होता.

"भिंतीवर छान दिसेल," ते म्हणाले.

मी भडकले. चूक माझी, पैसे माझे, आणि राग त्यांच्यावर. दोन रविवार मी क्लबात फिरकलेच नाही. तिसर्‍या रविवारी गेले तेव्हा त्यांनी काहीच विचारलं नाही. आपल्या बंदुकीच्या नळ्या सोडवल्या, बोटावर लटकवल्या आणि टिचकी मारायची खूण केली. मी मारली. देवळातली लहान घंटा वाजावी तसा स्वच्छ, लांबणारा नाद निघाला आणि थंड हवेत तरंगत राहिला. मी म्हटलं, माझी आई नारळ असाच घेते, वाजवून. त्यांना ते फार आवडलं. नारळ बद्द वाजला तर काय, खणखणीत वाजला तर काय, आतलं पाणी कसं ऐकायचं, सगळं त्यांनी नीट विचारून घेतलं. पुढच्या वेळी भेटले तेव्हा म्हणाले, सुपरमार्केटात मी सगळे नारळ वाजवले, मॅनेजर येऊन मला मदत हवी आहे का विचारून गेला.

त्यांच्यामुळे मी शिकले. नक्षीकडे शेवटी बघायचं, आधी नाही. लाकडाला कुठे भेग भरलीय का ते बघायचं. नळीच्या आत बघायचं, उजेडाकडे धरून. आतली उजेडाची वर्तुळं एकात एक नीट गोल दिसली तर बरं, कुठे वाकडं झालं तर तिथे पोचा पडलेला आहे. हे मला इतरांपेक्षा लवकर जमलं, कारण लोकांच्या घशात उजेड टाकून बघण्यावर तर माझं पोट आहे. आणि सगळ्यात शेवटी, बंदूक अंगाला बसते का ते बघायचं. ब्लाउजसारखंच आहे ते. दुसर्‍याच्या मापाचं कितीही भारी असलं तरी काखेत काचतं.

हळूहळू कपाटात बदकांच्या दुनळीला सोबत मिळाली. दोन चांगल्या, साध्या बंदुका मी घेतल्या, दोन्ही वाजवून. नवरा स्लाऊला नोकरीला होता, रोज येऊन जाऊन दमायचा. एकदा मी रविवारी संध्याकाळी ओट्यावर वर्तमानपत्र पसरून तेलाच्या फडक्यानं नळ्या पुसत होते, तेव्हा तो दारात उभा राहून म्हणाला, "लोकांच्या बायका योगा करतात." पण चहा त्यानेच केला. मीठ नाही, साखर कुठे असते ते त्याला माहीत होतं.

मग केमिस्टआजोबांचे डोळे गेले. एकदम नाही. आधी वाचताना मधलं अक्षर दिसेना, मग समोरच्या माणसाचं तोंड दिसेना. कडेचं दिसायचं, मधलं पुसलेलं. ते गाडी चालवायचे थांबले आणि आपलं सर्टिफिकेटही त्यांनी आपणहून परत केलं. बंदूक त्यांच्या आजोबांची. मुलीला बंदुकांचा तिटकारा होता आणि तो तिने लपवला नव्हता. ते एका दुपारी आमच्याकडे चहाला आले, पोहे खाल्ले, शेंगदाणे कडेला काढून ठेवले आणि म्हणाले, "डॉक्टर, ती तुमच्याकडे यावी असं मला वाटतं."

ज्या माणसाला वर्षभर ओळखतो त्याने आपल्या आजोबांची वस्तू द्यावी, एवढं मी काय केलं होतं? नारळ वाजवायला शिकवला होता.

त्यांची अट एकच. नाताळच्या आधीच्या एका रविवारी क्लबाचा खुला दिवस असायचा. पोलिसांच्या परवानगीने त्या दिवशी सर्टिफिकेट नसलेल्या माणसालाही क्लबाच्या देखरेखीखाली बंदूक चालवता येते. त्या दिवशी त्यांना दोन बार काढू द्यायचे, एक उजव्या नळीचा, एक डाव्या. पहिल्या वर्षी त्यांनी ते काढले. मान थोडी तिरकी करून, डोळ्याच्या कडेनं बघत. पहिली बशी गेली, दुसरी फुटली. खाली बसले तेव्हा त्यांचे गाल लाल झाले होते आणि मुलीनं पाठवलेला मफलर कुठेतरी पडला होता. त्या दोन बारांवर त्या माणसाचं वर्ष चालायचं, हे मला तेव्हा कळलं.

दुसर्‍या वर्षी सप्टेंबरात माझ्या सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या.

सासूबाईंबद्दल सांगायचं तर बँकेत आयुष्य गेलेली बाई, तोंडाने फटकळ, मनाने माझ्यापेक्षा मोठी. बंदुका बघून त्या बेशुद्ध पडतील अशी नवर्‍याची खात्री होती, आणि मला त्यांना शुद्धीवर आणता येईल अशी माझी. मी कपाट उघडून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, चारही बंदुका पाहिल्या आणि विचारलं, "खंडेनवमीला पूजा करतेस की नाही यांची?"

मी नाही म्हटलं.

"शस्त्रं घरात ठेवायची आणि पूजा नाही?" त्या म्हणाल्या. "अगं, आम्ही बँकेत स्टेपलरची करायचो."

सासूबाईंचा एकच विषय असा होता की त्यात तडजोड नाही. तिथी. आमच्याकडचं मराठी मंडळ सगळे सण शनिवार-रविवारी करतं, कारण इतर दिवशी हॉल मिळत नाही आणि माणसंही मिळत नाहीत. गणपती शनिवारी बसायचा आणि रविवारी उठायचा. सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या जेवायच्या थांबल्या. "सण काय तुमच्या सोयीनं येतात? चंद्राला विचारलंत का, शनिवारी चालेल का म्हणून?" त्यांनी फोनकार्ड घेऊन पुण्याला बहिणीला फोन लावला, नवमी कधी लागते ते विचारलं, मग इथला सूर्योदय धरायचा की तिथला यावर दोघींचं भांडण झालं आणि कार्डाचे पैसे संपले. शेवटी इथला धरायचं ठरलं. तो दिवस निघाला मधल्या वारचा. मी हॉस्पिटलातून सुट्टी घेतली. कारण विचारलं तेव्हा धार्मिक एवढंच सांगितलं, स्टेपलरचं बोलले नाही.

फुलांचा प्रश्न केमिस्टआजोबांनी सोडवला. मी त्यांना सहज बोलले होते की सासूबाईंना झेंडू हवाय आणि दुकानात मिळत नाही. ते म्हणाले, माझ्या टोमॅटोच्या कडेनं झेंडूच आहे, पांढरी माशी येऊ नये म्हणून लावलाय. मी दोन दिवस आधी जाऊन पिशवीभर घेऊन आले. त्यांच्या हाताला सगळं दिसत होतं. फूल चाचपायचे, देठ नखाने तोडायचे, मरगळलेलं बाजूला टाकायचे. सासूबाईंनी ती फुलं ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली.

नवमीला पाट मांडला. विळी नव्हती म्हणून सुरी, कात्री, नवर्‍याचा लॅपटॉप, माझा स्टेथोस्कोप, आणि मध्ये आजोबांची दुनळी. कायद्याप्रमाणे मी शेजारी बसले होते, पण हॉस्पिटलातून फोन आला आणि मी बोलत राहिले. नजर दुनळीवर होती, लक्ष नव्हतं. सासूबाईंनी तिला देवाला घालतात तशी आंघोळ घातली. ओल्या मऊ फडक्याने पुसली, साडीच्या पदराने कोरडी केली, गंध लावलं, हळदकुंकू वाहिलं आणि नळ्यांच्या मधोमध झेंडूच्या ओल्या फुलांची माळ बांधली. मी लावलेलं सगळं तेल त्यांनी प्रेमाने काढून टाकलं होतं, हे मला कळलं नाही. "तेलकट वस्तूला हळद कुठे बसते," असं त्या पुटपुटल्याचं आठवतं.

त्या दिवशी घरात सुरी चालली नाही. आमटी-भात आणि हाताने मोडलेल्या शेंगांची भाजी झाली. "वर्षभर राबतात बिचारी," सासूबाई म्हणाल्या. "एक दिवस त्यांना कुणी कामाला लावायचं नाही."

पूजा तशीच बाहेर ठेवता येणार नव्हती, बंदूक कपाटातच हवी. आणि उत्तरपूजा झाल्याशिवाय फुलं काढायची नाहीत असं सासूबाईंचं म्हणणं. मी माळेसकट दुनळी कपाटात ठेवली आणि किल्ली फिरवली. दुसर्‍या दिवशी दसर्‍याला आम्ही लेस्टरला नवर्‍याच्या मावसभावाकडे गेलो. सकाळी परत फिरायचं म्हणता म्हणता त्यांनी ठेवून घेतलं, मग सासूबाईंना तिथल्या दुकानांत साड्या बघायच्या होत्या. घरी आलो ते पुढच्या आठवड्यात.

कपाट उघडलं तेव्हा आधी वास आला. झेंडू काळे पडून नळ्यांना चिकटले होते. माळ सोडवली तर खाली गंज, नारिंगी, पाकळ्यापाकळ्यांचा. मी तेल लावलं, बारीक तारेच्या काथ्याने हळूहळू घासलं. रंग गेला. पण जिथे फुलं होती तिथे नळीवर बारीक खरखर राहिली. डोळ्याला जेमतेम दिसायची. बोटाला मात्र लगेच लागायची.

आणि ज्यांची ती बंदूक, त्यांना आता बोटांशिवाय काही उरलं नव्हतं.

सासूबाई संध्याकाळी देवापाशी बसून राहिल्या. मला त्यांच्यावर रागावता येईना आणि स्वतःवरचा राग कुठे ठेवावा ते कळेना, म्हणून मी नवर्‍यावर रागावले, लेस्टरचं जेवण फार तेलकट होतं या मुद्द्यावर. तो समजूतदार माणूस, भांडला नाही.

मी दुनळी दुरुस्ती करणार्‍याकडे नेली. तो म्हणाला, नळ्यांना धोका नाही, बार खुशाल काढा. खरखर घालवायची तर नळ्या पुन्हा रंगवाव्या लागतील, आणि तो तपकिरी रंग म्हणजे मुद्दाम चढवलेला गंजच असतो, थरावर थर, घाई चालत नाही. नाताळच्या आधी होणार नाही. म्हणजे खुल्या दिवशी दुनळी अशीच आजोबांच्या हातात जाणार होती.

त्या रविवारी थंडी मी म्हणत होती. सासूबाई दोन स्वेटर, शाल आणि कानटोपी घालून तयार झाल्या. मी म्हटलं, आई, तुम्ही कशाला, तिथे चिखल असतो. त्या म्हणाल्या, "मी येणार. मी सांगणार त्यांना. तू मध्ये बोलायचं नाहीस."

आजोबांना त्यांच्या मुलीनं गाडीने आणून सोडलं. वर्षभरात ते खंगले होते. कोट खांद्यावरून ओघळत होता. क्लबाच्या लाकडी खोलीत बाकावर बसले आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले, तळवे वर, प्रसाद घ्यायला करतात तसे. मी दुनळी उघडून, रिकामी असल्याची खात्री करून त्यांच्या हातांत ठेवली.

बोटं निघाली. दस्त्यावरून, घोड्यांवरून, चापांवरून. अंगठा नळ्यांवर आला आणि पुढे सरकत गेला. अंगठा थांबला. मागे आला, पुन्हा त्याच जागेवरून गेला.

"ते मी केलं," सासूबाई इंग्रजीत म्हणाल्या. बँकेतलं इंग्रजी, स्वच्छ, एकेक शब्द सुटा. त्यांनी सगळं सांगितलं. वर्षातून एकदा आमच्याकडे अवजारांची पूजा असते, मी तिला आंघोळ घातली, ओली फुलं बांधली, कपाटात बंद झाली, गंज चढला. सुनेचा दोष नाही. मला क्षमा करा.

आजोबा ऐकत राहिले. अंगठा अजून तिथेच होता.

"कुठली फुलं?" त्यांनी विचारलं.

"झेंडू," मी म्हटलं. "तुमचेच."

ते हसले. आवाज न करता, खांदे हलवत. मग बराच वेळ त्या खरखरीवरून बोट फिरवत बसले आणि सासूबाईंना म्हणाले, "आणि पूजा करून तुम्ही तिच्याजवळ मागता काय?"

"काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "वर्षभर ती आपल्यासाठी राबते. त्या दिवशी तिला विश्रांती. कुणी तिला हात लावून काम सांगायचं नाही."

बाहेरून त्यांना बोलावलं. क्लबाचा माणूस बरोबर होता, मी एका बाजूला. काडतुसं हलकी, जुन्या नळ्यांना चालतील अशी. ती मी भरली. आजोबांनी दस्ता खांद्याला लावला, मान तिरकी केली. नळ्या वर गेल्या, आणि थोड्या खाली आल्या. पुन्हा वर, पुन्हा खाली. डावा हात थरथरत होता. नळ्यांची टोकं हवेत गोल गोल फिरत होती. बशी सोडायची तर त्यांनी हाक द्यायची असते. हाक येईना. मागे रांगेत उभे असलेले लोक आपापल्या बुटांकडे बघू लागले. मला वाटलं, पुढे होऊन हात द्यावा, आणि हात दिला तर या माणसाला ते सोसणार नाही हेही दिसत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते थंडीने आलं नव्हतं.

आजोबांनी बंदूक खाली घेतली. उघडली. काडतुसं काढून माझ्या हातात दिली आणि मान वळवली, माझ्याकडे नाही, सासूबाईंच्या दिशेला.

"मॅडम," ते म्हणाले, "तो विश्रांतीचा दिवस. तो आजचाच तर नाही?"

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या थरथरत्या हाताकडे पाहिलं. ज्या बाईनं एका सूर्योदयासाठी सख्ख्या बहिणीशी भांडण केलं होतं, गणपती शनिवारी बसतो म्हणून घास खाली ठेवला होता, ती बाई चिखलात दोन पावलं पुढे आली.

"हो," त्या म्हणाल्या. "आजच आहे."

"मग तिला त्रास द्यायला नको."

"अजिबात नको."

आजोबांनी मान हलवली. क्लबाचा माणूस म्हणाला, ठीक आहे सर, आणि पुढच्या माणसाला बोलावलं. आम्ही तिघं आत जाऊन बसलो. सासूबाईंनी पिशवीतून डबा काढला, आजोबांना बेसनाचा लाडू दिला. दुनळी त्यांच्या मांडीवर होती आणि ते अंगठ्याने ती झेंडूची जागा चाचपत लाडू खात होते. बाहेर बार होत होते. जायच्या वेळी त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "रंगवून घेऊ नका, डॉक्टर."

त्यानंतर ते क्लबात आले नाहीत. वसंतात त्यांच्या मुलीचा फोन आला. मी फोन ठेवून कपाट उघडलं, नळ्या सोडवल्या आणि बोटावर धरून टिचकी मारली. नाद थांबेपर्यंत उभी राहिले.

पण त्या रविवारी परत येताना गाडीत आम्ही दोघीच होतो. सासूबाई कानटोपी काढून खिडकीबाहेर बघत होत्या. मग मला राहवेना.

"आई," मी म्हटलं, "आज नवमी?"

"रविवार आहे ना?" त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे सगळे सण रविवारीच येतात." आणि पदराने डोळे पुसून त्यांनी मला हीटर वाढवायला सांगितला.